वर्गणी ऐपतीप्रमाणं, प्रसाद सारखा

पत्र थोडक्यात असं आहे: ‘मी ६७ वर्षांचा, बडोद्यात दांडिया बाजारला राहतो. खाजगी कंपनीतून निवृत्त. एकुलता मुलगा (३३) जर्मनीत श्टुटगार्टला इंजिनिअर आहे. नुकतीच नोकरी बदलली, वर्षाला ८२ हजार युरो मिळतात. सून पाच महिन्यांची गरोदर आहे, सध्या जर्मन शिकते, नोकरी नाही. मुलाच्या पगारातून दर महिन्याला साडेसहाशे युरो सरकारी आरोग्य विम्यासाठी सक्तीनं कापतात, म्हणजे आपले पासष्ट हजार! तीन वर्षांत त्यानं एक पैसा वसूल केलेला नाही. सुनेला ताप आला तर डॉक्टरनं चहा प्या, झोपा म्हणून परत पाठवलं. त्वचेच्या डॉक्टरची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. आता पगार वाढल्यामुळे त्याला खाजगी विमा घेता येतो. तिथल्या ओळखीच्या एका आपल्याच सल्लागारानं साडेचारशे युरोत चांगली पॉलिसी दाखवली आहे. मी म्हटलं, सरकारी सोड, माणसासारखे उपचार घे, नाहीतरी चार-पाच वर्षांत परत येणारच आहेस. तो ऐकत नाही. शब्दाला शब्द वाढला, तीन आठवडे फोन नाही. बाळंतपणासाठी आम्ही दोघं तीन महिने जाणार आहोत. मला मधुमेह आहे, २०१९ला स्टेंट बसवला आहे. आम्हाला त्याच्या विम्यात घालता येईल का, तेही सांगा.’

काका, नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात ‘सरकारी’ हा शब्द नऊ वेळा आलाय. सरकारी विमा, सरकारी डॉक्टर, सरकारी रांग. भांडण मुलाशी कमी आणि या शब्दाशी जास्त आहे असं मला वाटलं, म्हणून आधी त्याच्याकडे वळते.

जर्मन लोक या विम्याला जे म्हणतात त्याचा अर्थ होतो ‘कायद्यानं ठरवलेला’. आपण मराठीत त्याला सरकारी म्हणून मोकळे होतो आणि लगेच डोळ्यांपुढे केसपेपरची खिडकी येते. प्रत्यक्षात हा विमा सरकारी खातं चालवत नाही. तो चालवतात ‘क्रांकेनकासे’ नावाच्या स्वायत्त, नफा न कमावणाऱ्या संस्था. अशा शंभराच्या आत कासे आहेत आणि त्यातली बहुतेक कुठलीही निवडता येते. एओके, बार्मर, टेक्निकर ही नावं तुमच्या मुलाच्या तोंडून ऐकली असतील. दवाखाने तर आणखी वेगळे. गल्लीतला डॉक्टर स्वतःची पाटी लावून बसलेला असतो. हॉस्पिटल कुठलं नगरपालिकेचं, कुठलं चर्चच्या संस्थेचं, कुठलं चक्क खाजगी कंपनीचं. कासेचं कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. त्या देशात दहातले जवळपास नऊ लोक याच विम्यात आहेत आणि त्यात बाहेर पडायची मुभा असूनही न पडलेले भरपूर पगारदार आहेत. म्हणजे ‘सरकारी विमा’ म्हणजे ‘सरकारी दवाखाना’ हे समीकरण मुळातच चुकलंय. तसं तर आपल्याकडेही ते आता उरलेलं नाही. तीन वर्षांनी तुम्ही सत्तरीचे झालात की आयुष्मानचं कार्ड तुम्हालाही काढता येईल, उत्पन्नाची अट न लावता. यादीतल्या खाजगी हॉस्पिटलातही ते चालतं.

मग ही कासे म्हणजे आहे तरी काय? तुम्ही दांडिया बाजारचे, गणपतीच्या वर्गणीला निघाला असालच कधीतरी. सराफाकडून पाच हजारांची पावती फाडायची, वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजींकडून एक्कावन्न घ्यायचे, आणि आरतीनंतर मोदक दोघांना एकेकच. कासेचं गणित हुबेहूब असंच आहे. वर्गणी पगाराच्या टक्केवारीनं. वय किती, आजार कोणते, हे विचारत नाहीत. उपचार सगळ्यांना सारखे.

आकडे सांगते, कारण तुमच्या पत्रात ते अर्धेच आलेत. मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के. त्यावर प्रत्येक कासेची स्वतःची थोडी जास्तीची, २०२६ साली सरासरी २.९ टक्के. ही दोन्ही मालक आणि नोकर अर्धी-अर्धी भरतात. शिवाय म्हातारपणी किंवा अपंगत्वात शुश्रूषा लागते तिच्या विम्याचे ३.६ टक्के, तेही साधारण निम्मे-निम्मे. मूल नसलेल्याला स्वतःच्या खिशातून आणखी ०.६ टक्के. पण हे सगळं महिना ५,८१२ युरो ५० सेंट (२०२६ला) एवढ्याच पगारावर मोजतात. त्याच्या वर कितीही मिळवा, वर्गणी थांबते. म्हणजे मुलाचे साडेसहाशे ही कमाल मर्यादा आहे, यापुढे पगार वाढला म्हणून ते वाढणार नाहीत. सरकारनं मर्यादाच उचलली तर वाढतील, आणि ती दर वर्षी थोडी उचलतातच, हेही खरं. नातवंड झालं की उलट महिन्याला पस्तीसेक युरो कमी होतील. ही बातमी त्याला तुम्हीच द्या, त्या निमित्तानं फोन होईल.

आता सल्लागाराचे साडेचारशे. काका, त्या साडेचारशेत माणसं किती आहेत?

पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, बहुधा तुम्हाला कुणी सांगितलंही नसेल. खाजगी विमा डोक्यागणिक असतो. मुलाचा एक, सूनबाईंचा दुसरा, बाळाचा तिसरा. कासेत मात्र कमाई नसलेली बायको आणि मुलं त्याच वर्गणीत, एक सेंटही जास्त न देता. आज साडेसहाशेत दोघं आहेत, लवकरच तिघं होतील. बाळाला आईच्या नावावर कासेत ठेवू, अशी पळवाटही नाही. लग्नाचा नवरा खाजगी विम्यात, त्याची कमाई ठरावीक मर्यादेच्या वर (२०२६ला वर्षाचे ७७,४०० युरो) आणि बायकोपेक्षा जास्त असेल, तर मुलाला आईच्या विम्यात फुकट घेत नाहीत.

त्यात सूनबाईंना पाचवा महिना आहे. खाजगी कंपनी अर्ज नाकारू शकते. घेतलंच तर बाळंतपणाच्या खर्चासाठी आठ महिन्यांपर्यंत थांबवायची मुभा कायद्यानं तिला दिलेली आहे, फक्त कासेत आधी सलग काढलेला काळ त्यातून वजा होतो. मुलाला लहानपणी दमा होता असं तुम्ही ओघात लिहून गेलात. कासेला त्याच्याशी देणंघेणं नाही, खाजगी कंपनीनं अर्जात विचारलं तर मात्र तो लिहावा लागेल. लिहिला की हप्ता चढू शकतो. लपवला तर पुढे नेमकी गरज असेल तेव्हा करार मोडण्याचा हक्क कंपनीकडे जातो. ‘कोण विचारतंय पंचवीस वर्षांपूर्वीचं’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसापासून दूर राहा. खाजगी पॉलिसी विकली की विकणाऱ्याला कित्येक महिन्यांच्या हप्त्याएवढं कमिशन सुटतं. कासेत राहा म्हणण्याचे त्याला काय मिळणार? माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. आपला आहे, मराठी बोलतो, घरी चिवडा घेऊन येतो, म्हणूनच जास्त जपायचं.

‘सक्ती’बद्दल तुमचा राग मला समजतो. पण काका, आपण बडोद्याच्या माणसांनी तरी या शब्दावर फार चिडू नये. सयाजीरावांनी १८९३ला अमरेलीत आणि १९०६ला सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलगी शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड लावला. तेव्हा कुरकुरणाऱ्यांच्या नाती-पणती पुढे मास्तरणी झाल्या. जर्मनीतला आजारविम्याचा कायदा त्याच जमान्यातला, बिस्मार्कच्या वेळचा, १८८३चा. सक्ती नसती तर तरणेताठे बाहेर राहिले असते आणि आत फक्त आजारी उरले असते. मग वर्गणी कुणालाच परवडली नसती.

आणि ‘एक पैसा वसूल नाही’. तुम्ही स्वतः मेडिक्लेमचे हप्ते २०१९च्या आधी किती वर्षं भरलेत? त्या वर्षांत काय वसूल झालं होतं? मुलाला तीन वर्षांत हॉस्पिटलची पायरी चढावी लागली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. शिवाय त्या वर्गणीत एक गोष्ट आहे जी आपल्या मेडिक्लेममध्ये शोधून सापडत नाही. लांबलेल्या आजारपणात पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो आणि त्यानंतर कासे पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत पैसे देते. एकाच आजारासाठी तीन वर्षांत मिळून ७८ आठवड्यांपर्यंत, मालकाचे सहा त्यात धरून. परक्या देशात घरभाडं डोक्यावर असताना हे काय असतं, ते त्यात सापडलेल्यालाच विचारा.

मी नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं हॅनोव्हरला काढली. बर्फावरून घसरून मनगट मोडलं, ऑपरेशन झालं, दोन रात्री हॉस्पिटलात राहिले. घरी बिल आलं तीस युरोचं. दाखल झाल्याचा आणि सुटल्याचा दिवस धरून दिवसाला दहा युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे, एवढाच आपला वाटा. नवऱ्यानं ते बिल तीनदा वाचलं, पुढचं पान हरवलंय की काय म्हणून. औषधांच्या चिठ्ठीवरही असंच, दर औषधामागे पाच ते दहा युरो.

म्हणजे सगळं गोडच आहे का? नाही. तारखांच्या बाबतीत तुमची तक्रार खरी आहे. त्वचा, डोळे, मानसोपचार, या डॉक्टरांकडे कासेच्या पेशंटला थांबावं लागतं आणि खाजगी विम्यावाल्याला त्याच दवाखान्यात लवकर बोलावतात. मला याचा तिथे फार संताप यायचा, अजूनही येतो. यावर एक अर्धामुर्धा उपाय आहे, तो मुलाला माहीत नसेल तर सांगा. फॅमिली डॉक्टर निकड वाटली तर चिठ्ठीवर एक कोड देतात. तो कोड घेऊन ११६११७ या क्रमांकावर किंवा त्यांच्या ऑनलाइन सेवेवर तारीख मागितली, तर चार आठवड्यांच्या आतली मिळायला हवी. डॉक्टर आपल्या पसंतीचा मिळेलच असं नाही, थोडं लांबही जावं लागेल. रात्री-बेरात्री ताप चढला, पण जिवाचा धोका नाही, तेव्हाही हाच नंबर. जिवावर बेतलं तर ११२.

चहाची गोष्ट मात्र विम्याची नव्हे, ती तिथल्या वैद्यकाची रीत आहे. साधा व्हायरल ताप असेल तर खाजगी विम्यावाल्यालाही तो डॉक्टर चहाच पाजेल. आपल्याकडे इंजेक्शन घेतल्याशिवाय डॉक्टरकडे गेल्यासारखंच वाटत नाही, आणि अँटिबायोटिक लिहून न देणारा डॉक्टर ‘काही येत नाही त्याला’ या सदरात जातो. पहिल्या हिवाळ्यात मीही अशीच चडफडत, कॅमोमाइलचा चहा पीत बसले होते. पाचव्या दिवशी बरी झाले, हे कबूल करायला हवं.

खाजगी विमा कुणाला शोभतो तेही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलतेय असं वाटेल. एकटा, धडधाकट, मुलंबाळं नकोत असं ठरवलेला, पगार वर्षानुवर्षं वरच राहील याची खात्री असलेला. किंवा अमुक वर्षी परतणार हे ज्याच्या करारातच लिहिलंय तो. बाकीच्यांसाठी त्या दारातून आत जाणं सोपं आणि परत बाहेर येणं अवघड आहे. पगार वर सांगितलेल्या ७७,४०० युरोंच्या मर्यादेखाली आला तर नोकरदाराला कासेत परत येता येतं, पण वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर तो रस्ता जवळजवळ बंद होतो. आणि खाजगी हप्ता पगार पाहून ठरत नाही, निवृत्तीनंतर उत्पन्न घटलं तरी तो आपोआप उतरत नाही.

इथेच मला तुमच्या एका वाक्याशी अडायचंय. ‘चार-पाच वर्षांत परत येणारच आहेस.’ हे त्याचं म्हणणं आहे की तुमचं? जी मुलगी पोटुशी असताना रोज भाषेच्या वर्गाला जाते, ती चार वर्षांचा मुक्काम डोळ्यांपुढे ठेवून जात असेल? असेलही. पण तुमच्या चार पानांत सूनबाईंचं मत कुठेच नाही. बाळंतपण तिचं, ताप तिचा, चहा तिनं प्यायला, आणि विमा कोणता यावर तुम्ही, मुलगा आणि सल्लागार बोलताय. मुलगा ऐकत नाही म्हणजे कदाचित तो तिचं ऐकतोय.

मुलानं कासेत राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. निर्णय त्या दोघांचा. तुम्हाला त्यांना काही चांगलं सुचवायचंच असेल तर मधल्या वाटा आहेत. एक, कासे बदलणं. कायद्यानं ठरलेले उपचार सगळीकडे जवळजवळ सारखेच असतात, जास्तीची वर्गणी मात्र कमी-अधिक असते. बारा महिन्यांनी बदलता येतं, आणि कासेनं दर वाढवला तर त्याआधीही. दुसरी, वरचा खाजगी तुकडा. म्हणजे मूळ विमा कासेचाच, पण दातांसाठी किंवा हॉस्पिटलात स्वतंत्र खोलीसाठी छोटी पूरक पॉलिसी. दातांचं खरंच बघायला हवं. कवळी, क्राउन यांच्या साध्या उपचाराचा साधारण ६० टक्केच खर्च कासे उचलते. वर्षातून एकदा तपासून पुस्तिकेत शिक्का घेत राहिलं तर पाच वर्षांनी ७० आणि दहा वर्षांनी ७५ टक्के. शिक्का चुकवू नये. मोठ्यांच्या चष्म्याला बहुतेक वेळा काहीच मिळत नाही.

आणि सूनबाईंसाठी सगळ्यात तातडीचं म्हणजे सुईण. हसू नका. तिथे शिकलेली, परवान्याची सुईण बाळंतपणानंतर घरी येते, सुरुवातीला अगदी रोजसुद्धा. बाळाचं वजन, नाळ, अंगावर पाजणं, आईचे टाके सगळं बघते. हा खर्च कासे देते. पण सुईणी कमी आणि मागणी फार. पाचवा महिना म्हणजे उशीरच झालाय. अजून ठरली नसेल तर आजच फोन फिरवायला हवेत.

आता तुमच्या दोघांचं. नाही, आईवडिलांना मुलाच्या कासेत घालता येत नाही, त्यातला ‘कुटुंब’ हा शब्द नवराबायको आणि मुलांपुरता आहे. मलाही हे ऐकून तेव्हा लागलं होतं. तुम्ही पाहुणे म्हणून जाल, तेव्हा शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा काढावाच लागतो. ही रक्कम व्हिसापुरती आहे, स्टेंट असलेल्या माणसासाठी मी तेवढ्यावर भागवणार नाही, जास्तीचं कव्हर घ्या. पॉलिसी घेताना एकच कलम एजंटकडून लेखी मागा: आधीपासूनच्या आजारातून तातडीची वेळ आली तर किती रकमेपर्यंत देणार? काही पॉलिसींत त्याचं उत्तर शून्य असतं, काहींत अगदी थोडं. मधुमेह आणि स्टेंट फॉर्मवर लिहा. मुलाच्या दम्याला जो नियम तोच तुम्हाला. नेहमीची तपासणी आणि रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत, त्यामुळे पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या इथूनच न्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही हवं. तिथल्या केमिस्टला आपले ब्रँड कळत नाहीत. आणि ‘तीन महिने’ म्हणू नका, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं असा या व्हिसाचा हिशेब आहे. एकतीसचे दोन महिने आले की तीन महिन्यांचे ९२ दिवस होतात. बोटं मोजून तिकीट काढा.

उलट दिशेचंही लक्षात ठेवा. मुलगा-सून बाळाला घेऊन बडोद्याला येतील तेव्हा कासेचं कार्ड इथे चालत नाही. तिथे वर्षाच्या थोड्या पैशांत परदेशप्रवासाचा आरोग्य विमा मिळतो, तो तिघांचा असावा. एका सफरीला किती दिवस चालतो ते बघायचं, सहसा सहा ते आठ आठवडे.

हे वाचणाऱ्यांत एमएस युनिव्हर्सिटीतून जर्मनीला निघालेल्या मुलांचे आईबाप बरेच असतील. तुमच्यासाठी एवढंच: तिशीच्या आतला विद्यार्थी कासेत विद्यार्थ्यांच्या दरानं जाऊ शकतो. स्वस्त खाजगी पॉलिसी घेऊन कासेतून सूट मागितली तर ती सूट त्या शिक्षणाच्या शेवटापर्यंत गळ्यात राहते, मध्येच आजार निघाला तरी मागे फिरता येत नाही. वाचलेले पैसे मोजण्याआधी हे मोजा. इतर देशांचे हिशेब निराळे. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच वर्षाचे १,०३५ पाउंड, विद्यार्थ्यांना ७७६, आधी घेतात आणि मग एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा. जपानमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला नोकरीतून किंवा नगरपालिकेमार्फत विमा घ्यावाच लागतो आणि बहुतेकांना उपचारांच्या खर्चाचा ३० टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो. एका देशाचा अनुभव दुसऱ्याला लावू नये.

काका, तुमच्या स्टेंटचं जे कार्ड हॉस्पिटलनं दिलं असेल त्याचा फोटो काढून सूनबाईंच्या फोनवर पाठवा, मुलाच्या नको. खाली लिहा, ‘हे तुझ्याजवळ असू दे. आणि सुईण ठरली का?’